नावीन्य आढळून आले नाही

ज्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर यंत्रशास्त्र शिकवते, तिथलं कुणालाही नको असलेलं काम फिरत फिरत शेवटी तासिकावाल्यांच्या टेबलावर येतं. संमेलनाच्या खुर्च्या मांडून घेणं, परीक्षेचे गठ्ठे बांधणं, आणि त्या वर्षी तज्ज्ञ होणं. सरकारने नवोपक्रमांना निधी द्यायची एक योजना काढली होती. ज्याने काही नवीन शोधून काढलं असेल त्याने अर्ज करायचा, तज्ज्ञाने जाऊन ते पाहायचं आणि अहवाल द्यायचा, मग समितीने ठरवायचं. कायम नोकरीतल्या प्राध्यापकांना एप्रिलच्या उन्हात भिवंडीच्या कारखान्यांत फिरायची हौस नव्हती. प्राचार्य मला म्हणाले, "तुम्ही तिकडच्याच ना?" तिकडची म्हणजे अंजूरची. त्यांच्या लेखी खाडीपासून नाक्यापर्यंत सगळं 'तिकडे' होतं. मी हो म्हटलं आणि एका दुपारीत तज्ज्ञ झाले.

माझ्या वाट्याला आलेल्या अर्जांपैकी एकच हाताने लिहिलेला होता. बाकीच्यांना रंगीत मुखपृष्ठं होती. हा निळ्या शाईतला, मराठीत, आणि 'संकल्पनेचे नाव' या रकान्यात लिहिलं होतं : धोटा पकडायची झोळी. पत्ता कामतघरचा.

ज्यांनी यंत्रमाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. धोटा म्हणजे लाकडाचा, हातभर लांबीचा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी असलेला तुकडा. त्याच्या पोटात सुताची कांडी असते आणि तो मागाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत मारला जातो, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा. कधी धागा अडकतो, कधी पट्टा सैल होतो, आणि धोटा आपली वाट सोडून बाहेर उडतो. कुणाला लागतो, कुणाला नाही. भिवंडीत याला कुणी अपघात म्हणत नाही. 'धोटा उडाला' म्हणतात, आणि माग पुन्हा चालू करतात.

मी शेअर रिक्षाने कामतघरला उतरले आणि विचारत विचारत कारखान्यात पोचले. अर्जदार तिथले जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो नीट करणारे. साठीच्या आसपासचे, बारीक अंगाचे, बनियनवर रुईची पांढरी लव चढलेली. पहिली पाच मिनिटं ते मला मॅडम मॅडम करत होते. मग विचारलं, "कोनच्या गावची?" मी अंजूर सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. त्यांचा चेहराच बदलला. "तुझ्या बापासच्या बांधावर बसून जेवलोय मी. आता तिथं गोदाम झाला ना?" मी म्हटलं, झालं. त्यानंतर मी मॅडम राहिले नाही, बाय झाले, आणि ते काका.

काकांची बायको त्याच कारखान्यात कांड्या भरायची. मागांच्या रांगेच्या अगदी टोकाला, भिंतीशी तिचं कांडी मशीन. जागा म्हणून तीच उरली होती. उडालेला धोटा सरळ तिकडेच जातो हे सगळ्यांना माहीत होतं, पण मशीनला वायर तिथेच पोचत होती. काही वर्षांपूर्वी एक धोटा तिच्या डाव्या डोळ्यावर आला. तो डोळा गेला. महिनाभराने काकू पुन्हा त्याच जागेवर येऊन बसल्या, कारण वायर अजून तिथेच पोचत होती.

तेव्हापासून काकूंना एक सवय लागली. कुठल्याही मागाचा आवाज जरासा बदलला, की त्यांचा डावा हात आपोआप वर यायचा आणि चांगल्या डोळ्यासमोर आडवा व्हायचा. दिवसात शंभर वेळा. "घरी कुकरची शिट्टी झाली तरी व्हतो," त्या मला हसत म्हणाल्या. "पोरा बोलतात, आई सलाम करते." मीही हसले, आणि मग मला हसल्याची लाज वाटली.

काकांनी जे केलं होतं ते असं. ते मूळचे खाडीकाठचे. कोळंबी धरायच्या जाळ्याच्या त्यांनी दोन झोळ्या शिवल्या आणि मागाच्या दोन्ही टोकांना लोखंडी सळईवर टांगल्या. झोळीच्या तळाला सायकलच्या ब्रेकची वायर बांधली आणि ती मागाच्या हँडलपर्यंत नेली. धोटा उडून झोळीत पडला की त्याच्या वजनाने वायर ओढली जाते, हँडल पडतं, माग थांबतो. कुणाला लागत नाही, आणि कापडही खराब होत नाही. दोन मागांवर त्यांनी ते बसवलं होतं. माझ्यासमोर त्यांनी एक पट्टा मुद्दाम सैल केला. थोड्या वेळाने धोटा उडाला, धप्प करून झोळीत पडला आणि माग जागच्या जागी थांबला. मी वर्गात मुलांना अशाच यंत्ररचना खडूने काढून दाखवते आणि त्यातल्या निम्म्या चालणार नाहीत हे मला माहीत असतं. ही चालली. मी मोठ्याने "वा" म्हणाले, पण त्या खडखडाटात माझं मलाच ऐकू आलं नाही.

"पैसे कशासाठी हवेत?" मी विचारलं. अर्जात रक्कम फार थोडी मागितली होती.

"पैसं न्हाय पायजेत," काका म्हणाले. "शिक्का पायजे."

मग त्यांनी मला शेठकडे नेलं. शेठ वाईट माणूस नव्हता. काकूंच्या दवाखान्यात तो स्वतः गेला होता, हे काकूंनीच मला सांगितलं. पण दोन मागांपुढे तो जायला तयार नव्हता. "देखो मॅडम," तो म्हणाला, "चाचा का हाथ अच्छा है, मैं मानता हूँ. पण उद्या त्या तारेत कुणाचा हात अडकला, तर? माग माझे, लायसन माझं. पूछेंगे ये क्या लगाया, किससे पूछ के लगाया. सरकारचा एक कागद आणा, फिर सब लूम पे लगा दो. मैं मना नहीं करूँगा." म्हणजे सगळं त्या एका कागदावर अडलं होतं. तो आला तर रांगेतल्या सगळ्या मागांना झोळी. नाही आला तर काकूंचा हात आणि त्यांचा एक डोळा.

आता अर्जाचं सांगते. त्यात नववा प्रश्न काकांनी कोरा सोडला होता. 'प्रस्तावित संकल्पनेतील नावीन्य विशद करा.' मी तो त्यांना सोपा करून विचारला, "काका, यात नवीन काय आहे?"

काकांना तो प्रश्न आवडला नाही. मी जणू त्यांच्या मालात खोट काढली होती. "नवीन?" ते म्हणाले. "नवीन काय बी न्हाय यात. जाला जुना, माझ्या बापासचा. वायर जुनी. सल्या भंगारातल्या. समदा जुनाच हाय, लिव तू."

मला तेव्हा कळलं नाही, पण पलीकडे बसलेला एक कारागीर हसून म्हणाला, "नवा धोटा, नऊ दिवस खोटा." ही तिथली म्हण. नवा धोटा अजून घासून गुळगुळीत झालेला नसतो, म्हणून तोच सगळ्यात जास्त उडतो. नवा पट्टा ताणतो आणि घसरतो. नव्या माणसाचं बोट जातं. त्या कारखान्यात 'नवा' हा शब्द सावध राहायला सांगणारा शब्द आहे. तिथे एखाद्या वस्तूचं कौतुक करायचं असेल तर म्हणतात, पुराना माल है. काका मला सांगत होते की त्यांची झोळी खात्रीची आहे. आणि मी, तिकडचीच म्हणून पाठवलेली तज्ज्ञ, त्यांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे नवव्या रकान्यात उतरवून घेतले. खाली त्यांनी मोठ्या अभिमानाने सही केली.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मला अहवाल चांगला लिहायचा होता. तासिकावाल्याला कधी नव्हे तो सरकारी कागदावर सही करायचा मान मिळाला की त्याच्या अंगात येतं. मी आमच्या ग्रंथालयात खालच्या कप्प्यातली वस्त्रोद्योगाची जुनी पुस्तकं काढली. एका पिवळ्या पडलेल्या पुस्तकात चित्र सापडलं : मागाच्या टोकाला लावलेली जाळी, उडता धोटा अडवायला. परदेशातल्या गिरण्यांत ती कधीच्या काळी वापरत होते. हँडल पाडणारी वायर त्यात नव्हती, ती काकांची. पण जाळी होती. मला इतका आनंद झाला की मी ग्रंथपालांना बोलावून ते चित्र दाखवलं.

आणि अहवालात लिहिलं : 'सदर साधनात नावीन्य आढळून आले नाही. तत्सम साधने यंत्रमागांवर पूर्वापार वापरात असल्याचे संदर्भग्रंथांवरून दिसून येते. तथापि, साधन अत्यंत उपयुक्त असून कामगारांच्या सुरक्षेसाठी त्याचा प्रसार होणे गरजेचे आहे.' माझा सगळा जीव त्या 'तथापि'नंतरच्या वाक्यात होता. आधीची दोन वाक्यं मी केवळ प्रामाणिकपणा म्हणून घातली होती. हुशारी अंगाशी येते ती अशी.

समितीची बैठक तीनदा पुढे गेली. एकदा अध्यक्षांची बदली झाली, एकदा सदस्य पुरेसे आले नाहीत, एकदा का ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सरकारी काम अन् सहा महिने थांब. चौथ्या वेळी झाली तेव्हा आम्हा तज्ज्ञांनाही बोलावलं होतं. ज्या अधिकाऱ्यांकडे अध्यक्षपद होतं, त्यांच्याकडे आणखी दोन खुर्च्यांचा अतिरिक्त कार्यभार होता. तीन वाजले होते आणि त्यांचा डबा टेबलावर बंदच होता. ते अर्ज भराभर उलटत होते, पण उद्धटपणे नाही, दमलेल्या माणसासारखे.

एका कंपनीचं सादरीकरण झालं. कामगारांसाठी मोबाइलवरचं काहीतरी होतं. माग चालवताना फोन हातात कोण धरणार हे कुणी विचारलं नाही. पण पडद्यावर 'नवीन' हा शब्द अकरा वेळा आला. मी मोजत बसले होते, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. ते मंजूर झालं. मग काकांचा अर्ज निघाला. अधिकाऱ्यांनी नववा रकाना वाचला, माझ्या अहवालाची पहिली ओळ वाचली आणि लाल पेन उचललं.

मी उभी राहिले. म्हटलं, सर, पुढचं वाक्य वाचा. ती झोळी मी चालताना पाहिली आहे. तिथे एका बाईचा डोळा गेला आहे, दुसरा जायची वाट पाहायची का? माझा आवाज चढला होता, आणि शेजारच्या सदस्याने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

अधिकाऱ्यांनी पुढचं वाक्य खरोखर वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाले, "बाई, उपयुक्त असा रकाना यात नाहीये. असता तर पहिली खूण मी तिथे केली असती. योजना नावीन्याची आहे. ते नाही असं अर्जदाराने लिहिलंय, आणि तुम्हीही लिहिलंय. उद्या ऑडिटवाला मला विचारेल, तज्ज्ञ नाही म्हणत असताना पैसे दिले कसे? तुमचं-माझं काय नातं आहे, तेही विचारेल. खालपासून वरपर्यंत कुणाचा कुणावर भरवसा नाही, म्हणून तर एवढे रकाने आहेत."

"मी अहवाल बदलून देते," मी म्हटलं.

"खोटा लिहून?" त्यांनी विचारलं. ते टोचून विचारत नव्हते, त्यांना खरंच माझं उत्तर हवं होतं. वायरीचा भाग नवा होता, तो मी मोठा करून लिहू शकले असते, खोटं न बोलता. हे मला रिक्षात बसल्यावर सुचलं, आणि तोवर मार्चअखेरचा निधी वाटून झाला होता.

पुढचे तीन आठवडे मी कामतघरचा रस्ता टाळला. कॉलेजातून घरी जायला तोच जवळचा, पण मी लांबून जायचे आणि स्वतःला सांगायचे की तिकडे खड्डे आहेत. खरं तर मला काकांना तोंड दाखववत नव्हतं. त्यांनी मला बाय म्हटलं होतं, माझ्या बापाची ओळख काढली होती, आणि मी पुस्तकातलं चित्र शोधून त्यांच्या कामावर काट मारली होती. मी स्वतःवर इतकी चिडले होते की वर्गात मुलांवर कारण नसताना ओरडायचे. शेवटी एका शनिवारी आईनेच विचारलं, "कुणाशी भांडलीस का?" आणि मी उठून सरळ कामतघरला गेले.

कारखान्याच्या दारात पोचले आणि थबकले. रांगेतल्या प्रत्येक मागाच्या दोन्ही टोकांना झोळ्या टांगलेल्या होत्या. काही निळ्या, काही हिरव्या, जसं जाळं मिळेल तशा. काका एका मागाखाली पाठीवर झोपून वायर ताणत होते. मला पाहून बाहेर आले आणि हात धरून स्विचबोर्डपाशी घेऊन गेले. तिथे भिंतीवर, प्लॅस्टिकमध्ये घालून, सरकारी पत्र चिकटवलं होतं. वर जावक क्रमांक, खाली सही आणि गोल शिक्का. मधे माझी दोन वाक्यं. नावीन्य आढळून आले नाही. तत्सम साधने पूर्वापार वापरात आहेत. सबब प्रस्ताव विचारात घेता येत नाही. 'तथापि'पासून पुढचं सगळं टाइप करणाऱ्याने गाळलं होतं.

मी काकांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "काका, हे नकाराचं पत्र आहे."

"ठावं हाय," काका म्हणाले. "वाचता येतं मना."

"आणि शेठला?"

शेठ मागेच उभा होता. तो पाचवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला, हे मला तेव्हा कळलं. त्याने पत्रावर बोट ठेवून वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. "पूर्वापार वापरात आहेत. म्हणजे पुराना माल है. नया कुछ नहीं. ये मैं नहीं बोल रहा, सरकार लिख के दे रही है. शिक्का है. फिर डर किस बात का?" तो हसला. "पैसा नहीं दिया तो नहीं दिया. किसने माँगा था?"

मला हसू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकाच वेळी कसं आवरायचं ते कळत नव्हतं. ज्या ओळीसाठी मी तीन आठवडे स्वतःला शिव्या घातल्या, त्याच ओळीने काम केलं होतं. तिथल्या कुणाचीही फसगत झाली नव्हती. कुणीतरी वर बसलेल्या माणसाने आपलं नाव घालून काहीतरी लिहून द्यावं, एवढंच त्या सगळ्यांना हवं होतं. मी काकांना पुस्तकातल्या चित्राचं सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी चहा मागवला. मग जवळच्या झोळीची गाठ ओढून पाहिली.

"मंजे परदेशात व्हता हा," ते म्हणाले. "आमच्या जल्माच्या आधी."

"हो."

"मंग हितं का न्हाय आला, बाय?"

मी अजून त्या प्रश्नाचं उत्तर शोधते आहे. तेव्हा मी चहाचा ग्लास तोंडाला लावला.

निघताना काकूंपाशी गेले. त्यांचं मशीन अजून रांगेच्या टोकालाच होतं. त्यांनी मला शेजारी स्टुलावर बसवलं आणि लेकीच्या सासरचं काहीतरी सांगायला लागल्या. त्या आवाजात मला अर्धंच कळत होतं. बोलता बोलता समोरच्या मागाचा ठेका चुकला. मला तो लगेच कळला, कारण माझा स्वतःचा हात वर आला आणि मी डोळे गच्च मिटून घेतले. धप्प झालं. माग थांबला.

मी डोळे उघडले तेव्हा काकूंचे दोन्ही हात कांडीवर होते, आणि लेकीच्या सासूचं काय झालं ते त्या मला सांगतच होत्या.